पुराची पिशवी आणि जंगलातला चाकू

आपत्कालीन पिशवी म्हणजे घर तातडीनं सोडावं लागलं तर लगेच उचलून निघता यावं म्हणून आधीच भरून ठेवलेली पिशवी. तिच्याबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज असा, की ती रानावनात तग धरण्यासाठी असते. ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’सारख्या कार्यक्रमांनी आणि त्यांच्या धर्तीवरच्या असंख्य व्हिडिओंनी तो घट्ट रुजवला. बाजारात तयार मिळणारे अनेक संचही त्याच समजावर बेतलेले असतात: घडीचा चाकू, होकायंत्र, ठिणगी पाडायची सळई, दोरीचं कडं. हे विकत घेणाऱ्याला तयारी झाल्यासारखं वाटतं आणि खरी तयारी राहून जाते.

महाराष्ट्रात मोठ्या संख्येनं घरं सोडावी लागतात ती पुरामुळे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात पश्चिम महाराष्ट्रातून ४ लाखांहून अधिक लोकांना हलवावं लागलं. ही माणसं गेली शाळांत, मंगल कार्यालयांत, पै-पाहुण्यांकडे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं तेव्हा अनेक कुटुंबं वरच्या मजल्यांवर अडकून पडली. यांपैकी कुणालाही होकायंत्राची गरज नव्हती. निवारा केंद्रात खिचडी मिळते, चादर मिळते, पिण्याचं पाणीही येतं. मिळत नाही ती थायरॉइडची ठरलेल्या मात्रेची गोळी, दम्याचा पंप, वाचायचा चष्मा, श्रवणयंत्राची बॅटरी. दुसरं कुणी देऊ शकणार नाही ते आधी भरायचं, एवढ्या एका कसोटीवर पिशवीतलं निम्मं सामान ठरतं.

म्हणून पहिला मान औषधांचा. नेहमीच्या गोळ्या किमान आठवडाभराच्या असाव्यात, कारण पूर ओसरला तरी रस्ते आणि औषधांची दुकानं लगेच सुरू होत नाहीत. २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गच शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत सोबत हवी आणि तिच्यावर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही हवं. नेमकी तीच कंपनी मिळाली नाही तरी त्यावरून दुसरी गोळी देता येते. इन्शुलिन फ्रिजबाहेर काढलं की वाया जातं, हा समजही चुकीचा आहे. वापरात असलेली बहुतेक इन्शुलिनं उन्हापासून जपली तर साधारण चार आठवडे बाहेर टिकतात. नेमकी मुदत माहितीपत्रकात दिलेली असते. घात होतो तो थेट बर्फात ठेवल्यानं. गोठलेलं इन्शुलिन पुन्हा वापरता येत नाही.

चाकूच्या बाजूनं एक युक्तिवाद हमखास येतो: पुरात साप निघतात, दंश झाला तर चीर देऊन विष काढता येईल. हे निव्वळ घातक आहे. चीर देऊ नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे. चिरेतून विष बाहेर येत नाही. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग मात्र वाढतो. दंश झालेला अवयव न हलवता माणसाला प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात पोहोचवणं हाच उपाय, आणि त्यासाठी पिशवीत हवा तो रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक लिहिलेला कागद. त्याच कागदावर आपत्कालीन मदतीचा ११२, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि दोन नातेवाइकांचे क्रमांक लिहावेत. मोबाइल बंद पडला की एकही क्रमांक आठवत नाही.

कागदपत्रांबाबत ‘सगळं डिजिलॉकरमध्ये आहे’ हे उत्तर अर्धंच खरं. डिजिलॉकरमधून मिळालेल्या दाखल्यांना कायद्यानं मूळ प्रतीइतकीच मान्यता आहे, पण पुरात वीज आणि नेटवर्क आधी जातं. पंचनाम्यानंतरची मदत बहुधा बँक खात्यात जमा होते, तेव्हा आधार आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत प्लास्टिकच्या बंद पाकिटात असलेली बरी. सोबत थोडी रोख रक्कम, तीही सुट्ट्या नोटांत. अशा वेळी यूपीआय चालत नाही आणि पाचशेचे सुटे कुणाकडे नसतात.

पाण्याच्या बाबतीत गोंधळ परदेशी याद्यांमुळे होतो. माणशी रोज एक गॅलन आणि निदान तीन दिवसांचा साठा, हा अमेरिकी सल्ला पुष्कळांनी जसाच्या तसा उचलला. चौघांच्या घराला त्याचं वजन ४५ किलो भरतं. तो हिशेब घरातच अडकून पडणाऱ्यांच्या साठ्याचा आहे, उचलून न्यायच्या पिशवीचा नव्हे. बचाव बोटीत सामानाला जागा नसते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ इथे माणसांनी भरलेली बोट उलटून जीव गेले, त्यानंतर तरी जड बोचकी बोटीत चढवण्याचा हट्ट कुणी धरू नये. पिशवीत माणशी एक बाटली आणि पाणी शुद्ध करणारं क्लोरीनयुक्त मेडिक्लोर पुरे. तुरटी फिरवली की पाणी शुद्ध होतं, हा समज घरोघरी आहे. पण तुरटी गाळ खाली बसवते, जंतू मारण्याची खात्री देत नाही. तुरटीनं निवळलेलं पाणी उकळावं किंवा त्यात लेबलवर दिलेल्या प्रमाणात मेडिक्लोर घालावं. गढूळ पाण्यात क्लोरीनचा प्रभाव घटतो, म्हणून आधी निवळणं महत्त्वाचं.

झटपट नूडल्सना इंधन आणि पाणी दोन्ही लागतं. फुटाणे, शेंगदाणे, गूळ, खजूर, राजगिऱ्याचे लाडू यांना काहीच लागत नाही. मेणबत्तीनं गॅसगळती झालेल्या घरात स्फोट होऊ शकतो, त्यापेक्षा टॉर्च घ्यावा. ओआरएसची मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवणं अपायकारक. तिच्यासाठी पूर्ण एक लिटर पाणी लागतं. तयार संचातली शिट्टी मात्र खरोखर कामाची आहे, कारण ओरडून घसा बसतो तेव्हाही ती वाजवता येते.

भूकंपाचं गणित वेगळं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप पहाटे, माणसं झोपेत असताना झाला. अशा वेळी कपाटातली पिशवी ढिगाऱ्याखाली जाते, म्हणून भूकंपप्रवण भागात टॉर्च, शिट्टी आणि चपला उशाशीच असाव्यात.

इशारा आल्यावर पिशवी भरू, हा शेवटचा गैरसमज. सांगलीत आयर्विन पुलाजवळ नदीची इशारा पातळी ४० फुटांवर आणि धोका पातळी ४५ फुटांवर आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ त्या अनुक्रमे ३९ आणि ४३ फुटांवर. या दोन पातळ्यांच्या मधल्या वेळात जनावरं हलवायची असतात, धान्य वर चढवायचं असतं, म्हाताऱ्या माणसांना गाडीत बसवायचं असतं. पिशवी मे महिन्यातच भरावी, बॅटऱ्या टॉर्चबाहेर ठेवाव्यात, आणि दर सहा महिन्यांनी औषधांच्या मुदती व मुलांच्या कपड्यांची मापं तपासावीत.