संरक्षक साधने : घालण्याचे आणि उतरवण्याचे शास्त्र

परळचे के.ई.एम., चिंचपोकळीचे कस्तुरबा आणि शिवडीचे क्षयरोग रुग्णालय ही मुंबई महापालिकेची तीन रुग्णालये एकमेकांपासून फार लांब नाहीत. परंतु तेथील कर्मचाऱ्यांपुढचा संसर्गाचा धोका एकाच प्रकारचा नाही. म्हणूनच वैयक्तिक संरक्षक साधने, म्हणजे रुग्णाच्या रक्तातून, स्रावांतून किंवा श्वासातून येणाऱ्या जंतूंना अडवणारे मास्क, हातमोजे, गाऊन आणि चष्मे, यांपैकी काय वापरायचे हे रुग्णालयागणिक नव्हे, तर हातातल्या कामागणिक ठरते. जखमेतून रक्त उडण्याची शक्यता असेल तेथे हातमोज्यांबरोबर न भिजणारा गाऊन आणि डोळ्यांवर आच्छादन लागते, जुलाबाच्या रुग्णाचे अंथरूण बदलताना हातमोजे व गाऊन यांवर बहुधा भागते, आणि क्षयरोग्याच्या खाटेशी सगळी भिस्त मास्कवर येते.

शिवडीचे उदाहरण येथे सर्वांत बोलके आहे. क्षयरोग्याच्या खोकल्यातून उडालेले थेंब हवेत सुकले की १ ते ५ मायक्रॉन आकाराचे कण उरतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि जंतू वाहून नेणारे हे कण तासन्‌तास तरंगत राहून श्वासावाटे थेट फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात. साधा सर्जिकल मास्क गालांवर सैल बसतो. तो घालणाऱ्याच्या तोंडातील थेंब बाहेर उडू देत नाही, म्हणून तो रुग्णाच्या तोंडावर हवा, तर कर्मचाऱ्याच्या तोंडावर एन-९५ हवा, कारण हा मास्क ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे गाळायला सर्वांत अवघड असलेले कण किमान ९५ टक्के अडवतो. व्यवहारात नेमकी याच्या उलट वाटणी होताना दिसते, हे चिंताजनक आहे. २०१२च्या आरंभी माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी जवळपास कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवल्यानंतर तर या शहरातील परिचारिकेच्या किंवा वॉर्डबॉयच्या मास्ककडे दुर्लक्ष करण्याला कोणतीही सबब उरलेली नाही.

मात्र ९५ टक्क्यांचा आकडा कापडाचा आहे, चेहऱ्याचा नव्हे. मास्कची कड त्वचेला घट्ट चिकटली नाही तर हवा गाळणीतून न जाता फटीतूनच आत शिरते. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर आणि खालचा कानांखालून मानेवर घ्यावा लागतो, नाकावरची धातूची पट्टी एका हाताच्या चिमटीने न दाबता दोन्ही हातांच्या बोटांनी नाकाच्या आकारावर बसवावी लागते, आणि नंतर दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडला असता कडेने वारा लागतो का, श्वास आत घेतला असता मास्क किंचित आत ओढला जातो का, हे पाहावे लागते. या तपासणीला काही सेकंद लागतात आणि ती प्रत्येक वेळी करायची असते. दाढी असलेल्या चेहऱ्यावर कड नीट बसत नाही, तसेच मुंबईच्या दमट उकाड्यात घामाने ओला झालेला मास्क श्वास जड करतो आणि मग तो वारंवार हाताने सरकवला जातो. त्यामुळे पाळीच्या मध्येच कोरडा मास्क हाताशी असणे ही चैन नव्हे.

घालण्यापेक्षा उतरवणे अवघड, कारण त्या क्षणी साधनाचा बाहेरचा पृष्ठभाग दूषित असतो आणि माणूस थकलेला असतो. गाऊन, चष्मा, हातमोजे आणि मास्क एवढा साज असेल तर सर्वाधिक मळलेले हातमोजे आधी निघतात: एका हातमोज्याची बाहेरची बाजू मनगटाजवळ चिमटीत धरून तो उलटा काढायचा, मुठीत ठेवायचा, मग उघडे बोट दुसऱ्याच्या आतून सरकवून तोही उलटा करायचा. त्यानंतर चष्मा मागच्या पट्ट्याने, गाऊन आतून बाहेर गुंडाळत, आणि एन-९५ खोलीबाहेर आल्यावर, पुढच्या भागाला हात न लावता, आधी खालचा व मग वरचा पट्टा सोडवून. प्रत्येक टप्प्यानंतर हात स्वच्छ करणे ओघाने आलेच.

मार्च २०२०मध्ये मुंबईतील करोनाचे पहिले रुग्ण कस्तुरबात दाखल झाले, तेव्हा डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख देशात जवळजवळ तयारच होत नव्हता. काही महिन्यांत उत्पादन वाढले, कापडातून कृत्रिम रक्त झिरपते का याची चाचणी रूढ झाली; परंतु त्या काळात पांढऱ्या पोशाखाला जे तेज चढले त्यामुळे जितके अंग झाकले तितकी सुरक्षा अशी समजूतही पसरली. तो पोशाख उतरवायला गुंतागुंतीचा असतो, घाम आणि थकवा चूक घडवतात, आणि खेळती हवा नसेल तर त्याचा उपयोगही तोकडा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या खोल्यांसाठी तासाला किमान १२ वेळा हवा पालटावी असे सुचवले आहे, ते याच कारणाने. शिवडीसारख्या वॉर्डात उघड्या खिडक्या हाही बंदोबस्तच आहे.

वापरलेले साहित्य पुढे सफाई कामगाराच्या हातात जाते. करोनाकाळात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मास्क आणि टोप्या पिवळ्या पिशवीत, तर चष्मे, फेस शील्ड व नायट्राइलचे हातमोजे लाल पिशवीत टाकण्यास सांगितले होते. सुयांसाठी न भोसकले जाणारे पांढरे डबे आधीपासूनच होते. चुकीच्या पिशवीत गेलेली एक सुई पातळ हातमोज्यातून सहज आरपार जाते. त्यामुळे पिशव्या उचलणाऱ्याला जाड रबरी हातमोजे, गमबूट आणि हिपॅटायटिस-बीची लस मिळाली पाहिजे, आणि साधने घालण्या-उतरवण्याचे प्रशिक्षण डॉक्टर-परिचारिकांपुरते न ठेवता कंत्राटावर आलेल्या आयाबाई व सफाई कामगारांना कामाच्या पहिल्या पाळीआधी, मराठीत किंवा हिंदीत, प्रत्यक्ष करून घेत दिले गेले पाहिजे.