जर्मनीतील उच्च शिक्षण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आज भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे. २०२२-२३च्या हिवाळी सत्रात ती ४२,९९७ होती आणि त्याच वर्षी भारताने चीनला मागे टाकले. पुढच्या वर्षी हा आकडा ४९,४८३वर गेला. यांतील बहुसंख्य विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणासाठी जातात आणि त्यांत अभियांत्रिकीचे सर्वांत जास्त असतात. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतही शेवटच्या वर्षात अमेरिकेबरोबर जर्मनीचे नाव हमखास निघते. मात्र माहिती बहुतेक वेळा ऐकीव असते. कोणाला चार वर्षांपूर्वीचा नियम ठाऊक असतो, तर कोणी एका शहराचा अनुभव साऱ्या देशाला लावतो. त्यातून तयार झालेले काही गैरसमज आणि त्यामागची वस्तुस्थिती येथे क्रमाने दिली आहे.

गैरसमज १ : जर्मनीत शिक्षण फुकट आहे.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, हे खरे आहे. विद्यापीठे चालवण्याची जबाबदारी तेथे १६ राज्यांकडे असून खर्च करांतून भागवला जातो. २००५मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने शुल्कावरील देशव्यापी बंदी रद्द केल्यावर अनेक राज्यांनी सत्राला ५०० युरोपर्यंत शुल्क लावले. विद्यार्थ्यांनी त्याला कडाडून विरोध केला. एकेक राज्याने ते मागे घेतले आणि २०१४मध्ये शेवटच्या, लोअर सॅक्सनी या राज्यातही ते बंद झाले.

या नियमाला आता अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क लावले. स्टुटगार्ट, कार्ल्सरुह आणि हायडेलबर्ग ही शहरे याच राज्यात येतात. म्युनिक तंत्रविद्यापीठाने २०२४-२५पासून अशा विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमानुसार सत्राला २,००० ते ६,००० युरो शुल्क ठेवले. खासगी विद्यापीठे तर पहिल्यापासून शुल्क घेतात. जेथे शुल्क नाही, तेथेही प्रत्येक सत्रासाठी विद्यार्थी-वर्गणी भरावी लागते. ती साधारण १०० ते ३५० युरो असते आणि अनेक ठिकाणी बस-रेल्वेचा पास तिच्यातच मिळतो.

खरा खर्च राहण्या-खाण्याचा आहे. व्हिसासाठी विद्यार्थ्याला एका ‘ब्लॉक’ खात्यात वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली. युरो शंभर रुपयांचा धरला, तर हे सुमारे १२ लाख रुपये होतात. ही फी नव्हे. पैसे विद्यार्थ्याचेच असतात आणि जर्मनीत पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो या हप्त्याने त्याला परत मिळतात. केम्निट्झ किंवा माग्डेबुर्गसारख्या पूर्वेकडील शहरांत काटकसर करणाऱ्याचा महिना एवढ्यात निघतो. म्युनिकमध्ये मात्र भाड्यातच मोठा हिस्सा जातो. याशिवाय आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि घरात दूरचित्रवाणी संच असो वा नसो, दर घरामागे प्रसारण वर्गणीही द्यावी लागते.

गैरसमज २ : बारावी झाली की थेट पदवीला प्रवेश मिळतो.

भारतातील बारावी ही जर्मन विद्यापीठ प्रवेशासाठी एकटी पुरेशी धरली जात नाही. बारावीनंतर जाणाऱ्याला साधारणपणे ‘श्टुडिएनकोलेग’ नावाचा एक वर्षाचा पूर्वतयारी वर्ग करून त्याची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण झालेल्यांना किंवा भारतातील मान्यताप्राप्त पदवीची एक वा अधिक वर्षे यशस्वीपणे पूर्ण केलेल्यांना संबंधित शाखेत थेट अर्ज करण्याची वाट आहे. सरकारी विद्यापीठांतील पदवीचे बहुतांश अभ्यासक्रम जर्मन माध्यमात असतात. त्यामुळे भाषेची तयारी नसताना बारावीनंतर लगेच जाण्याचा बेत बहुधा फसतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही एक टप्पा चुकत नाही. १ नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे, प्रमाणपत्र आवश्यक झाले. दहावीपासूनच्या गुणपत्रिका त्यासाठी तपासल्या जातात. हे काम चार दिवसांत होत नाही, म्हणून ते सर्वांत आधी हाती घ्यावे.

गैरसमज ३ : टक्के चांगले असले की प्रवेश पक्का.

जर्मन गुणपद्धती भारतीय पद्धतीच्या उलट चालते. तेथे १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. भारतीय गुण एका सूत्राने बदलून घेतात. सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, आलेल्या संख्येला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांतील फरकाने भागायचे, उत्तराला तीनने गुणून त्यात एक मिळवायचा.

समजा, विद्यार्थ्याला १०पैकी ७ सीजीपीए आहे आणि त्याच्या विद्यापीठात उत्तीर्ण होण्याची किमान श्रेणी ४ आहे. १०मधून ७ गेले, राहिले ३. त्याला ६ने भागले की ०.५ येते, तीनने गुणल्यावर १.५ होते आणि एक मिळवल्यावर जर्मन श्रेणी येते २.५. आता दुसऱ्या विद्यापीठातील विद्यार्थ्याचेही गुण ७च आहेत, पण तेथे किमान श्रेणी ५ आहे. हेच गणित केल्यावर उत्तर येते २.८. पुष्कळ अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ असते. म्हणजे सारख्याच गुणांवर पहिल्याचा अर्ज विचारात घेतला जातो आणि दुसऱ्याचा बाजूला पडतो. म्हणून गुणपत्रिकेच्या मागे छापलेली श्रेणींची माहिती नीट वाचावी आणि अर्ज करण्याआधी हे गणित स्वतः करून पाहावे. पदवीला शिकलेले विषय नव्या अभ्यासक्रमाशी किती जुळतात, हेही बारकाईने तपासले जाते. तेथे कमी पडलेले विषय चांगल्या टक्क्यांनी भरून निघत नाहीत.

गैरसमज ४ : अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, मग जर्मन कशाला?

वर्गात इंग्रजी पुरते. वर्गाबाहेर मात्र घराचा करार, विमा कंपनीचे पत्र, दवाखान्यातील अर्ज आणि महापालिकेची नोटीस हे सारे जर्मनमध्ये असते. सरकारी कामकाज तेथे अजूनही मोठ्या प्रमाणावर टपालाने चालते आणि पत्राला दिलेल्या मुदतीत उत्तर गेले नाही, तर दंड होऊ शकतो. शिवाय शिक्षणानंतरची नोकरी बऱ्याच अंशी भाषेवर अवलंबून असते. मोठ्या कंपन्यांच्या संगणक विभागांत इंग्रजीवर भागते, पण यंत्रनिर्मितीतील मध्यम आकाराच्या कंपन्या जर्मन येणाऱ्यालाच पसंती देतात.

भाषा जर्मनीत गेल्यावर शिकू, हा बेत पहिल्याच सत्राच्या अभ्यासात मागे पडतो. महाराष्ट्रात ही सोय जुनी आहे. पुणे आणि मुंबई येथील मॅक्स म्युलर भवन आणि पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट येथे जर्मन शिकवले जाते. मराठी विद्यार्थ्याला एक गोष्ट सोपी जाते. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे आहेत आणि ‘तू’ व ‘तुम्ही’ यांतला भेदही आहे. कार्यालयात अनोळखी माणसाला ‘तू’ म्हटले, तर ते तेथेही खटकते.

गैरसमज ५ : परीक्षा सोप्या असतात, हजेरीही लागत नाही.

पुष्कळ व्याख्यानांना हजेरी घेत नाहीत, हे खरे आहे. पण त्याचा अर्थ सवलत असा नाही. एका सत्रात ३० श्रेयांक मिळवायचे असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते. म्हणजे सत्राला ७५० ते ९०० तास. त्यातला बराचसा भाग ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत स्वतःच भरून काढायचा असतो. परीक्षेसाठी नाव नोंदवण्याची तारीखही विद्यार्थ्यानेच पाळायची असते.

नापास होण्याचा परिणाम भारतापेक्षा कडक आहे. येथे राहिलेला विषय पुन्हा पुन्हा देता येतो. तेथे एका परीक्षेला बहुतेक ठिकाणी तीन संधी असतात. अनिवार्य विषयात शेवटची संधीही हुकली, तर विद्यापीठातून नाव काढले जाते आणि तोच अभ्यासक्रम देशातील दुसऱ्या विद्यापीठातही पूर्ण करता येत नाही.

पाठ केलेल्या उत्तराला तेथे फारशी किंमत नसते. तोंडी परीक्षेत प्राध्यापक ‘असे का?’ हा प्रश्न विचारत खोलवर जातात. प्रबंधात स्वतःचा निष्कर्ष मांडावा लागतो, मग तो मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध का असेना. याचे मोठे उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवट्यांच्या असममितीवर संशोधन केले. कवटीची ठेवण आणि वंश यांचा संबंध असल्याचे फिशर मानत. इरावतीबाईंना मोजमापांत तसा संबंध आढळला नाही आणि त्यांनी तेच लिहिले. १९३०मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

गैरसमज ६ : अर्धवेळ नोकरीतून सगळा खर्च निघतो.

युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. मार्च २०२४मध्ये ही मर्यादा १२० दिवसांवरून वाढली. विद्यापीठातील सहायकाचे काम साधारणपणे या मर्यादेत मोजले जात नाही. पण पहिल्या काही महिन्यांत काम मिळेलच असे नाही आणि जर्मन येत नसल्यास पर्याय आणखी कमी होतात. कमाईतून किराणा आणि भाड्याचा काही भाग निघू शकतो. भारतातील शैक्षणिक कर्जाचे हप्ते त्यातून फेडण्याचा हिशेब मांडू नये. परीक्षेच्या काळात कामाचे तास वाढवणारा विद्यार्थी विषय मागे ठेवतो आणि वाढलेल्या एका सत्राचा खर्च कमाईपेक्षा जास्त होतो.

गैरसमज ७ : प्रवेश मिळाला की वसतिगृह मिळतेच.

प्रवेश देणे हे विद्यापीठाचे काम आहे. वसतिगृहे विद्यार्थी-सेवा मंडळे चालवतात, त्यांचा अर्ज वेगळा असतो आणि मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी काही महिन्यांची असते. अनेक विद्यार्थी तीन-चार जणांनी वाटून घेतलेल्या घरात एक खोली घेतात. जाहिरातीत ‘थंड भाडे’ आणि ‘गरम भाडे’ असे दोन आकडे दिसतात. थंड भाडे म्हणजे नुसत्या जागेचे; गरम भाड्यात हीटर, पाणी वगैरे खर्च धरलेला असतो. अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकी घेता येते. घर न पाहता परदेशातून अनामत मागणाऱ्या जाहिरातींत फसवणूक होते, हे लक्षात ठेवावे.

घर मिळण्यावर पुढची सगळी साखळी अवलंबून असते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नागरी कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी घरमालकाचे सहीचे पत्र लागते. बँकेचे चालू खाते आणि राहण्याचा परवाना या कामांत त्या नोंदणीचा कागद मागितला जातो आणि चालू खाते उघडले, की ब्लॉक खात्यातील मासिक हप्ता सुरू होतो. घरमालकाने पत्र द्यायला नकार दिला, तर स्वतःचेच पैसे अडकून पडू शकतात. त्यामुळे खोली ठरवताना भाड्याआधी ‘नोंदणीचे पत्र मिळेल का?’ हे विचारावे. पहिल्या दोन महिन्यांच्या खर्चाची सोय वेगळी ठेवावी.

गैरसमज ८ : शाकाहाऱ्यांचे हाल होतात आणि लोक तुसडे असतात.

विद्यापीठांच्या भोजनगृहात, म्हणजे ‘मेन्सा’मध्ये, शाकाहारी पदार्थ नियमित असतात आणि दर विद्यार्थ्यांना परवडणारे असतात. डाळी, तांदूळ आणि मसाले आशियाई दुकानांत मिळतात. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच सामान भरावे. रात्रीची शांतता आणि कचऱ्याचे वर्गीकरण शेजारी मनावर घेतात. ओळख हळूहळू होते, पण एकदा झालेली ओळख टिकते.

गैरसमज ९ : पदवी मिळाली की नोकरी ठरलेली, नाहीतर लगेच परतावे लागते.

यातील दोन्ही बाजू चुकीच्या आहेत. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो. जर्मनीत शिकलेल्याला पात्रतेची नोकरी दोन वर्षे केल्यावर, इतर अटी पूर्ण असल्यास, कायम वास्तव्याचा परवानाही मिळू शकतो. नोकरीची हमी मात्र कोणी देत नाही. शिकत असतानाच केलेले उद्योगातील प्रशिक्षण आणि भाषेवरील पकड यांवर ती ठरते.

गैरसमज १० : एजंटशिवाय काम होत नाही.

सरकारी विद्यापीठांचे अर्ज विद्यार्थी स्वतः भरू शकतो. काही विद्यापीठे थेट अर्ज घेतात, तर अनेक विद्यापीठे ‘युनि-असिस्ट’ या सामाईक सेवेमार्फत. तिचे शुल्क पहिल्या अर्जाला ७५ आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो आहे. अभ्यासक्रमांची सूची जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा, म्हणजे ‘डाड’, विनामूल्य देते. एजंटाने खासगी विद्यापीठाचाच आग्रह धरला, तर त्याला तेथून कमिशन मिळते का, हे स्पष्ट विचारावे.

हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते. अनेक अभ्यासक्रमांची मुदत १५ जुलै असली, तरी परदेशी विद्यार्थ्यांसाठी ती पुष्कळदा ३१ मे किंवा त्याआधीच संपते. त्यामुळे भाषेचा वर्ग पदवीच्या तिसऱ्या वर्षातच सुरू करावा आणि एपीएसचे कागद शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच जमवावेत. शुल्क, खात्यातील रक्कम आणि कामाच्या मर्यादा बदलत असतात. अर्ज करण्याच्या दिवशी हे आकडे विद्यापीठाच्या आणि दूतावासाच्या अधिकृत माहितीशी पुन्हा ताडून पाहावेत.