डूडेकचे डळमळते पाय

पोलंडच्या दक्षिणेला सायलेशियाचा कोळसापट्टा आहे. तिथल्या रिब्निक शहरात १९७३ साली येझी डूडेक जन्मला. वडील खाणकामगार, मुलानेही खाणीत उतरावे, हीच तिथली रीत. पण या मुलाने गोलखांबांमधली जागा धरली. क्नुरूफचा छोटा क्लब, मग तिखी आणि १९९६ मध्ये एकदम हॉलंडचा फेयेनूर्द! तिथे त्याने आधी बाकावर बसून वाट पाहिली आणि १९९९ मध्ये संघाला लीगचे विजेतेपद मिळवून दिले. २००१ मध्ये लिव्हरपूलने त्याला बोलावले.

१ डिसेंबर २००२ रोजी अ‍ॅनफिल्डवर मँचेस्टर युनायटेडशी गाठ होती. बचावपटू जेमी कॅराघरने डोक्याने चेंडू अलगद मागे ढकलला. पोरानेही अडवावा असा तो चेंडू डूडेकच्या हातांतून निसटला, पायांमधून घरंगळला आणि युनायटेडच्या फोर्लानने तो जाळ्यात लोटला. सामना गेला, पाठोपाठ संघातली जागाही गेली. पुढे त्याच्या जागी आलेला कर्कलंड जायबंदी झाला, म्हणून डूडेक परतला. मार्च २००३ मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यात त्याच युनायटेडचे हल्ले त्याने परतवले आणि तो सामनावीर ठरला. तरीही अ‍ॅनफिल्डची ती चूक लोक विसरले नाहीत.

२५ मे २००५. इस्तंबूल. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. मध्यंतराला मिलान ३-० ने पुढे! दुसऱ्या सत्रात लिव्हरपूलच्या जेरार्ड, श्मित्सर आणि अलोन्सो यांनी अवघ्या सहा मिनिटांत बरोबरी साधली. जादा वेळेची तीनच मिनिटे उरली असताना मिलानच्या शेवचेन्कोचा हेडर डूडेकने थोपवला. उसळलेला चेंडू पुन्हा शेवचेन्कोच्याच पायाशी आला. त्याने अगदी जवळून तो हाणला आणि डूडेकच्या उंचावलेल्या हाताला लागून तो आडव्या दांडीवरून गेला. असा बचाव सरावाने साधत नाही. तिथे न हटणारी छातीच लागते.

आता पेनल्टी शूटआउट. त्या क्षणी कॅराघर धावत आला. होय, तोच कॅराघर! त्याने डूडेकला १९८४ च्या रोमची आठवण करून दिली: तिथल्या शूटआउटमध्ये लिव्हरपूलच्या ब्रूस ग्रोबेलारने गोलरेषेवर पाय लटपटवून रोमाच्या खेळाडूंना बिचकवले होते. डूडेकला किल्ली सापडली. चेंडूच्या मागे धावण्याआधी चेंडू मारणाऱ्याचे मन हलवायचे!

तो रेषेवर नाचू लागला, हात फडकावू लागला, डावी-उजवीकडे झुलू लागला. मिलानच्या सर्जिन्योने चेंडू आभाळात धाडला. पिर्लोचा फटका डूडेकने अडवला. तेव्हा तो रेषेच्या बराच पुढे आला होता हे खरे, पण पंचांनी हरकत घेतली नाही. पुढे थोमासन आणि काका यांनी गोल केले, लिव्हरपूलच्या रिसेचा फटका वाया गेला. पारडे पुन्हा हेलकावू लागले. शेवटी शेवचेन्को आला. २००३ चा अंतिम सामना याच माणसाने अखेरच्या पेनल्टीवर मिलानला जिंकून दिला होता. त्याने चेंडू मधोमध मारला. डूडेक उजवीकडे झेपावला होता, पण मागे राहिलेल्या डाव्या हाताने त्याने चेंडू परतवला. ३-२!

त्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलने पेपे रेइनाला आणले आणि डूडेक पुन्हा बाकावर बसला. पुढे रेआल माद्रिदमध्येही तो कासियासच्या मागेच राहिला आणि २०११ मध्ये तिथूनच त्याने क्लब फुटबॉल सोडला. इस्तंबूलचा विजय लिव्हरपूलचा या स्पर्धेतला पाचवा होता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तो चषक कायमचा त्यांच्याकडेच राहिला.