पडद्यावर नाव उमटल्यानंतर

१४ नोव्हेंबर २०१५ची सकाळ. आदल्या रात्रीच्या पॅरिसमधल्या हल्ल्यांत १३० जणांचा जीव गेला होता. बेल्जियमच्या सीमेकडे जाणाऱ्या महामार्गावर, कॉम्ब्रे शहराजवळ, फ्रेंच पोलिसांनी एक मोटार अडवली. आत तिघे होते. त्यांतला एक सालाह अब्देसलाम; तो या हल्ल्यांत सामील होता. त्याचं नाव ‘शेंगेन माहिती प्रणाली’त, म्हणजे युरोपीय देशांच्या सामायिक नोंदसाठ्यात, लगेच सापडलं. बेल्जियमनेच ते तिथे घातलं होतं. पण नोंद होती साध्या गुन्हेगारीची, दहशतवादाचा उल्लेख नव्हता. विचारणा झाली. मात्र जहालवाद्यांशी असलेल्या संबंधांची माहिती बेल्जियमकडून येईपर्यंत मोटार निघून गेली होती. तो हाती लागला मार्च २०१६मध्ये.

म्हणजे संगणकाने आपलं काम चोख केलं होतं. कमी पडली ती नोंद, आणि नोंद माणूस लिहितो.

युरोपात अशा नोंदींमागची पूरक माहिती पुरवण्यासाठी प्रत्येक सहभागी देशात ‘सिरीन’ नावाचा कक्ष चोवीस तास चालू असतो. पडद्यावर नाव जुळलं की तिथल्या कर्मचाऱ्याचं खरं काम सुरू होतं. जुळलेला माणूस तोच का? मोहम्मद हे नाव रोमन लिपीत कितीतरी तऱ्हांनी लिहिलं जातं. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? चुकीच्या माणसाला विमानतळावर रात्रभर बसवून ठेवायला एवढा घोळ पुरतो.

त्याहून नाजूक काम माहितीची प्रत ठरवण्याचं. युरोपीय संघाच्या ‘युरोपोल’ या पोलीस संस्थेकडे जाणाऱ्या माहितीला एक अक्षर आणि एक आकडा जोडतात. अक्षर माहिती देणाऱ्याबद्दल असतं: ‘ए’ म्हणजे निःसंशय विश्वासार्ह, ‘एक्स’ म्हणजे त्याच्याबद्दल काही सांगता येत नाही. आकडा खुद्द माहितीबद्दल: १ म्हणजे अचूकतेविषयी शंका नाही, ४ म्हणजे ऐकीव आणि पडताळता न येणारी. भरवशाचा खबरीसुद्धा चहाच्या टपरीवर ऐकलेली गोष्ट सांगू शकतो. अशा वेळी अक्षर ‘ए’ आणि आकडा ४. हा फरक न कळणाऱ्याने घाईत १ टाकला, तर दुसऱ्या देशातला अधिकारी त्या कुजबुजीच्या जोरावर कुणाच्या तरी दारावर थाप मारतो. शिवाय हाताळणीच्या खुणा असतात. ‘एच-१’ असेल तर देणाऱ्याच्या परवानगीशिवाय ती माहिती न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. उत्साहाच्या भरात ती आरोपपत्रात घातली, की पुढच्या वेळी तो देश हात आखडता घेणारच.

२०२३च्या युरोपीय निर्देशाने एका देशाने दुसऱ्याकडे मागितलेल्या माहितीला घड्याळही लावून दिलं. तातडीची आणि थेट हाताशी असलेली माहिती आठ तासांत द्यायची; तातडीची पण दुसरीकडून मिळवावी लागणारी तीन दिवसांत; बाकीची सात दिवसांत. त्याच निर्देशात ही देवाणघेवाण सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना संगणकीय साधनं, विदासंरक्षणासह संबंधित कायदे आणि भाषा यांचं नियमित प्रशिक्षण मिळालं पाहिजे, असंही बजावलं आहे. शिकवण्याचं बरंच काम बुडापेस्टची ‘सेपोल’ ही संस्था करते. तिचा सर्वांत उपयोगी उपक्रम दिसायला अगदी साधा आहे: एका देशाच्या अधिकाऱ्याने दुसऱ्या देशातल्या समकक्षाच्या शेजारी जाऊन काही दिवस काम करायचं. नंतर फोन उचलणारा माणूस ओळखीचा असतो.

भारतात इंटरपोलशी व्यवहार सीबीआयमार्फत होतो. राज्यांत संपर्क अधिकारी आणि त्यांच्याशी जोडलेले जिल्ह्यांतले व आयुक्तालयांतले घटक अधिकारी, अशी ही साखळी. तिचा कारभार मुख्यतः पत्रं, ईमेल आणि फॅक्सवर चाले. ७ जानेवारी २०२५ रोजी याच कामासाठी ‘भारतपोल’ संकेतस्थळाचं उद्घाटन झालं. चांगलंच झालं. पण पोर्टलमुळे अर्ज वेगाने पोचतो, तो नीट लिहिला जाईलच असं नाही.

कागदावरचा शब्द किती लांब पोचतो, ते मुंबईने बॉम्बस्फोट प्रकरणातल्या अबू सालेमच्या खटल्यात पाहिलं आहे. त्याला २५ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवणार नाही, असं आश्वासन त्याच्या प्रत्यार्पणासाठी भारताने २००२मध्ये पोर्तुगालला दिलं. वीस वर्षांनी, जुलै २०२२मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सरकारला ते पाळायला सांगितलं.

तेव्हा राज्याच्या गृहखात्याने एवढं तरी करावं: प्रत्येक घटक अधिकाऱ्याला बदलीच्या आदेशाबरोबरच आठवडाभर सीबीआयच्या इंटरपोल कक्षात बसवावं, आणि काम हाताला बसण्याआधी त्याची पुन्हा बदली करू नये.