कंपनीची जहाजे आणि आपली रसशाळा

आयुर्वेदीय औषध म्हणजे आपल्याच मातीत उगवलेले, आपल्याच डोंगरावरून खुडून आणलेले द्रव्य, अशी एक गोड समजूत रुग्णांमध्ये आहे. आणि खरे सांगावयाचे तर ती आपणा वैद्यांमध्येही आहे. काष्ठौषधींपुरती ती बरीचशी खरीही आहे. परंतु फळीवरील रसकल्पांच्या बरण्यांकडे नजर गेली की ती डळमळू लागते. पारद, हिंगूळ, नाग, वंग, ताम्र, प्रवाळ यांपैकी कोकणच्या जांभ्या दगडाच्या भूमीत काय सापडते? काहीही नाही. तरीही शेकडो वर्षे या किनारपट्टीवरील वैद्य आरोग्यवर्धिनी वळत आले, वंगभस्म मारत आले, प्रवाळपिष्टी खलत आले. ही द्रव्ये त्यांच्या खलापर्यंत पोहोचली कशी, हा प्रश्न आम्हांस एका कटू प्रसंगामुळे पडला. तो प्रसंग पुढे यथास्थान येईल.

आमचे औषधालय अलिबागच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते, आणि थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की खांदेरी व उंदेरी ही जोडबेटे समोर दिसतात. त्यांच्या पलीकडून मुंबईच्या बंदरात शिरणाऱ्या इंग्रजी जहाजांची शिडे येथील कित्येक पिढ्यांनी पाहिली असतील. ती जहाजे येथून काय नेत होती हे शाळेच्या पुस्तकातही असते: मिरी, सुती कापड, नीळ, सोरा. ती काय घेऊन येत होती याचा विचार मात्र क्वचित होतो. आणि वैद्याने आवर्जून वाचावी अशी यादी तीच आहे.

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला ३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथकडून सनद मिळाली. १६०८ मध्ये तिचे ‘हेक्टर’ हे जहाज सुरतेस पोहोचले. १६६८ मध्ये मुंबई बेट वर्षाला दहा पौंड खंडाने कंपनीच्या ताब्यात आले आणि १६८७ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील तिचे मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून येण्यास सहा ते आठ महिने लागत. येथवर सारे ठीक. पण विकावयाचे काय, हीच कंपनीची मोठी अडचण होती. विलायती लोकरीच्या कापडाला आपल्या उष्ण देशात गिऱ्हाईक मिळणार किती? म्हणून जहाजात मुख्यतः चांदी भरून येई आणि तिच्या जोडीला शिसे, पारा, हिंगूळ व पोवळे. अठराव्या शतकात इंग्लंडातील तांब्याचीही मोठी भर पडली. शिसे तर जहाजाच्या पोटात अगदी तळाशी रचीत, कारण शिडाचे जहाज सरळ राहण्यास तळाशी भार लागतोच; भार तो भार आणि व्यापार तो व्यापार. पोवळे भूमध्य समुद्रातील असे आणि इटलीतील लिव्होर्नो बंदरात गोळा होऊन पुढे येई. युरोपातील पाऱ्याचे मोठे उगम दोन, स्पेनमधील अल्मादेनची खाण आणि आजच्या स्लोव्हेनियातील इद्रियाची खाण. तो कातड्यात बांधून लाकडी पिंपांत भरीत. चीनकडूनही पारा येत असे.

रजत, नाग, पारद, हिंगूळ, प्रवाळ, ताम्र! ही यादी वाचताना कंपनीच्या मालाची वही न वाटता रसशास्त्राची अनुक्रमणिकाच समोर ठेवल्यासारखे वाटते. अर्थात तो माल वैद्यांसाठी येत नव्हता. नाणी, भांडी, बंदुकीच्या गोळ्या, मुलामा, दागिने यांत त्याचा बहुतांश भाग खपे. वैद्याच्या वाट्याला येई ती त्यातील चिमूट.

परतीच्या मालातही आपल्या ओळखीचे एक द्रव्य होते. मालदीव बेटांवरील कवडी हिंदुस्थानात येई आणि येथून जहाजांच्या तळाशी भरून लंडनला जाई. तेथून ती पश्चिम आफ्रिकेत पाठवून तिच्या मोबदल्यात माणसे खरेदी केली जात. कपर्दिक भस्माची डबी हातात घेताना ही गोष्ट आठवते आणि मन क्षणभर विषण्ण होते.

हा मार्ग इंग्रजांनी शोधला असेही समजू नये. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे, कथील, शिसे, पोवळे, मनःशिला आणि अंजनाचा खनिज यांची नोंद आहे. तर तेथून बाहेर जाणाऱ्या मालात कुष्ठ, गुग्गुळ, जटामांसी, रसांजनाच्या जातीचे द्रव्य व पिंपळी आहेत. त्याच ग्रंथात भडोचच्या दक्षिणेकडील पेठांमध्ये कल्याणनंतर ‘सेमुल्ला’ येते, ते आपले चौल. म्हणजे काष्ठौषधी द्यावी आणि धातू घ्यावा, हा या किनाऱ्याचा व्यवहार कंपनीच्या जन्माआधी दीड हजार वर्षे चालू होता. शिडे बदलली, मालाची यादी फारशी बदलली नाही.

चौलचा प्रसंग निघाला म्हणून थोडे विषयांतर. आमच्या एका विद्यार्थ्याने रेवंदचिनी हे द्रव्य रेवदंड्यास पिकते असे उत्तरपत्रिकेत छातीठोकपणे लिहिले होते! रेवंदचिनी चीनकडील. पण चौल-रेवदंड्याच्या धक्क्यावर ती कधीच उतरली नसेल असे आम्ही म्हणणार नाही, म्हणून त्याला अर्धा गुण दिला. चोपचिनीची कथा याहून बोलकी आहे. फिरंग रोग फिरंग्यांबरोबर आला, हे त्याचे नावच सांगते. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात तो रोग आहे आणि त्यावरील चोपचिनीही आहे, द्वीपांतरवचा या नावाने. रोग समुद्रावरून आला, औषधही समुद्रावरून आले, आणि ग्रंथकाराने दोहोंना निःसंकोचपणे संस्कृत नाव देऊन निघंटूत बसविले.

या व्यापाराचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग आपल्याच जिल्ह्यात घडला. १६७४ च्या मे महिन्यात हेन्री ऑक्झेंडन हा कंपनीचा वकील मुंबईहून गलबताने चौलला आणि तेथून रायगडास गेला. जूनमध्ये झालेला राज्याभिषेक त्याने डोळ्यांनी पाहिला. पण तो आला होता व्यापाराच्या कामासाठी: १६६१ मध्ये राजापूरच्या वखारीची लूट झाली होती तिची भरपाई, नव्या वखारींना परवानगी, आणि जकात. अडीच टक्के जकातीवर व्यापार करण्याची मुभा त्यास मिळाली. किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाचा माल परत मिळावा, या मागणीला मात्र शिवाजी महाराजांनी हरकत घेतली. असा माल राज्याचा, ही कोकणची जुनी रीत होती. कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर याने आपल्या १६९८ च्या प्रवासग्रंथात या वकिलातीची एक गंमत नोंदविली आहे. या पाहुण्यांना मांस पुरविणारा म्हातारा खाटीक मुद्दाम गड चढून त्यांना पाहावयास आला, कारण एवढे मांस खाणारे गिऱ्हाईक त्याने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. गडावरील लोकांचे आवडते अन्न तुपातली खिचडी.

पुढे पाचच वर्षांनी, १६७९ मध्ये, खांदेरीवर मराठ्यांनी तटबंदी बांधण्यास घेताच इंग्रजांनी आपली जहाजे तेथे पाठविली. त्यांची ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती पडली आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. २०२५ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत आलेल्या मराठा किल्ल्यांत रायगडाबरोबर खांदेरीही आहे, हे वाचकांस ज्ञात असेलच.

अठराव्या शतकाच्या आरंभी सरखेल कान्होजी आंग्रे यांनी या किनाऱ्यावर फिरणाऱ्या प्रत्येक जहाजाने आपले दस्तक घ्यावे असा दंडक घातला. इंग्रजी ग्रंथांत त्यांना चाचा म्हटले जाते. आमच्या मते हा शब्द गैरलागू आहे. जमिनीवर जकात घेणारा जर राजा, तर पाण्यावर घेणारा चोर कसा? १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने कारवारकडून येणारे ‘अ‍ॅन’ हे जहाज पकडले आणि १७१३ मध्ये कंपनीशी तह झाला. कंपनीच्या जहाजांना त्रास देऊ नये हे कान्होजींनी मान्य केले, पण कंपनीनेही दुसऱ्यांच्या जहाजांवर आपले निशाण चढवू नये, अशी अट होती. भांडणाचे मूळ येथेच होते. कंपनीचा माल कोणता, तिच्या नोकरांचा खासगी माल कोणता आणि मुंबईतील हिंदी व्यापाऱ्यांचा कोणता, हे निशाणावरून कळेनासे झाले होते. पुढे १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांसह कुलाब्यावर इंग्रज चालून आले व दोन्ही वेळा हात हलवीत परतले.

‘माल नेमका कोणाचा?’ हा कान्होजींचा प्रश्न वैद्यालाही लागू पडतो. पारा अल्मादेनच्या खाणीतून निघे, लंडनच्या वखारीत पडे, मुंबईत सावकार तो घेई, तेथून गलबताने खाडीच्या बंदरात आणि बैलाच्या पाठीवरून घाटावर जाई. इतके हात लागल्यावर तो शुद्ध राहील कसा? आपल्या रसग्रंथकारांना हे पक्के ठाऊक होते. पारदाचे नैसर्गिक दोष विष, वह्नि आणि मल असे सांगून झाल्यावर ते यौगिक दोष म्हणून नाग आणि वंग वेगळे सांगतात. म्हणजे मिसळीतून आलेले दोष. पाऱ्यात शिसे व कथील सहज विरघळतात आणि वजन वाढविण्यास ते सोयीचे पडतात. दुकानदाराची ही हातचलाखी ग्रंथात दोषाच्या नावाने नोंदली गेली आहे. शोधन हा नुसता विधी नसून अज्ञात हातांतून आलेल्या मालावरील वैद्याची स्वतःची चौकी आहे, असे आमचे मत आहे. आणि हिंगुळातून ऊर्ध्वपातनाने काढलेला पारद श्रेष्ठ का मानला, याचे उत्तरही त्यातच आहे.

आता तो प्रसंग. काही वर्षांपूर्वी आम्ही एका व्यापाऱ्याकडून पारा घेतला. कज्जली करण्यासाठी तो पांढऱ्या चिनी मातीच्या ताटलीत ओतला, तेव्हा थेंब गोल धावण्याऐवजी मागे करडे शेपूट ओढू लागला. शुद्ध पारा असे करीत नाही. पातन करून पाहिले तर तळाशी जड, मऊ धातूचा साका राहिला. व्यापाऱ्यास विचारता ‘माल सीलबंद आला तसाच दिला’ एवढेच उत्तर मिळाले. पण आमची झोप उडाली ती निराळ्याच कारणाने. त्याच व्यापाऱ्याकडील आधीच्या खरेदीतील पारा ‘शोधित’ म्हणून घेतला होता, घाईत तो पुन्हा न शोधता कज्जलीत वापरला होता, आणि ती आरोग्यवर्धिनी रुग्णांच्या घरी गेलेली होती. चूक व्यापाऱ्याची होतीच. परंतु चौकी आम्हीच उठविली होती. नोंदवही काढून प्रत्येकाकडून उरलेल्या गोळ्या परत घेतल्या, ज्यांनी अधिक काळ घेतल्या होत्या त्यांच्या रक्तातील शिशाची तपासणी स्वखर्चाने करविली. अहवाल सुदैवाने निर्वेध आले. एक वयोवृद्ध रुग्ण मात्र पुन्हा आमच्याकडे आले नाहीत, आणि त्यांस दोष देता येत नाही.

२००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. १४ मध्ये शिसे, पारा अथवा सोमल आढळला. आपल्या वर्तुळात त्यावर बराच संताप व्यक्त झाला. रसकल्प आणि भेसळ यांत भेद न केल्याचा आक्षेप योग्यच होता, पण आमच्या ताटलीतील ते शेपूट पाहिल्यापासून आम्ही त्या वादात आवाज चढवीत नाही. १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधी कल्पांना जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. देशातील विक्रीपुरते बोलावयाचे तर कच्च्या मालाची परीक्षा प्रथम औषधनिर्मात्याच्याच हाती आहे.

आणि कच्चा माल आजही बाहेरचाच आहे. भारतात पाऱ्याची खाण नाही. अल्मादेन व इद्रिया या दोन्ही खाणी बंद पडून २०१२ पासून जागतिक वारसास्थळे झाल्या आहेत. युरोपीय संघाने २०११ पासून पाऱ्याची निर्यात थांबविली. भारताने २०१८ मध्ये पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराला मान्यता दिली. त्या करारात पारंपरिक व धार्मिक उपयोगाच्या उत्पादनांना वगळले आहे, परंतु बाजार आकसला आहे, आणि आकसलेल्या बाजारात जुन्या उपकरणांतून काढलेला पाराही फिरतो. जगाच्या बाजारात पाऱ्याचा भाव अद्याप लोखंडी बाटलीवर ठरतो. एक बाटली म्हणजे सुमारे ३४.५ किलो. आपल्यापैकी किती जणांनी ती मूळ बाटली डोळ्यांनी पाहिली आहे? प्रवाळाचेही तसेच. लाल पोवळे भूमध्य समुद्राचे, आणि आपल्या सागरातील प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा ‘स्थानिक प्रवाळ’ म्हणून कोणी स्वस्तात देऊ लागला तर औषधालयाच्या मालकाने दोनदा विचार करावा.

आमच्या आजोबांच्या खरेदीच्या वहीत ‘पारा विलायती’ आणि ‘पोवळे मूळ, विलायती’ अशा नोंदी आहेत. निदान माल कोठला हे तरी त्यांना लिहिता येत होते. त्या प्रसंगानंतर आम्हीही नवी वही घातली. तारीख, वजन, व्यापारी, ताटलीवरील परीक्षा, पातनानंतरचा साका, शोधनाचा दिवस असे रकाने आहेत आणि ते भरले जातात. ‘मूळ देश’ हा सातवा रकाना आहे. बिलावर ती माहिती नसते, दूरध्वनीवर विचारले तर ‘मुंबईचा माल’ असे उत्तर येते, आणि तो रकाना बहुतेक वेळा कोराच राहतो.