आवक-बारनिशीत न चढलेले कागद

साठी आली की बुद्धी नाठी होते असा ठपका आपल्याकडे पूर्वापार ठेवला जात आला आहे, आणि साठीच्या अलीकडचा मनुष्य तो ऐकून खुशाल हसत असे. परंतु हल्ली पंचेचाळीस-पन्नाशीतली, हाती अधिकार असलेली, संसाराच्या ऐन मध्यावर उभी असलेली माणसेच ही फिर्याद स्वतःविरुद्ध गुदरू लागली आहेत. रोज भेटणाऱ्या सहकाऱ्याचे नाव ऐन वेळी ओठांवर येत नाही, स्वयंपाकघरात कशासाठी आलो हे तेथे पोचल्यावर उमगत नाही, आणि पानभर मजकूर डोळ्यांखालून गेला तरी त्यातले अक्षरही हाती लागत नाही, अशी ही कैफियत असते. याच मंडळींना तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या क्रिकेट सामन्याचा धावफलक आणि भाऊबंदकीतले जुने अपमान मात्र तारीखवार पाठ असतात. एवढ्यावरून तरी असा संशय यावयास हवा की, बिघाड असलाच तर तो साठवणीत नसून अन्यत्र कोठे तरी असावा.

फिर्यादीत तथ्य मुळीच नाही, असे मात्र नव्हे. लंडनच्या व्हाइटहॉल येथील सरकारी कचेऱ्यांत काम करणाऱ्या, पस्तीस ते पंचावन्न वयाच्या दहा हजारांवर स्त्री-पुरुषांची नावे १९८५ पासून एका दीर्घ वैद्यकीय अभ्यासासाठी नोंदविण्यात आली, आणि पुढे त्यांतील ७,३९० जणांच्या बुद्धीची परीक्षा दहा वर्षांच्या अवधीत तीनदा घेतली गेली. वीस शब्द ऐकून ते दोन मिनिटांत लिहून काढावयाचे, एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावे लिहावयाची, आकड्यांची व शब्दांची कोडी घड्याळ लावून सोडवावयाची, असे त्या परीक्षेचे स्वरूप होते. अर्चना सिंग-मानू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार, आरंभी पंचेचाळीस ते एकोणपन्नास वयाच्या असलेल्यांची तर्कशक्ती त्या दहा वर्षांत ३.६ टक्क्यांनी उतरली. शब्दसंग्रह मात्र कोणत्याही वयोगटात उतरला नाही. पंचेचाळिशीपासून मेंदूची उतरण सुरू होते, असे मथळे तेव्हा वर्तमानपत्रांनी छापले. पण त्या परीक्षेला पंचेचाळिशीच्या आतले कोणी बसविलेच नव्हते, त्यामुळे उतरण कोठून सुरू होते हे त्या आकड्यांवरून ठरविता येत नाही, ही साधी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटली.

वॉर्नर शाय यांनी १९५६ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे आरंभिलेला, त्याच त्या माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासणारा अभ्यास याहून पुष्कळ दिलासा देणारा आहे. शब्दार्थाचे ज्ञान, आकृती मनातल्या मनात फिरवून पाहण्याची शक्ती आणि उदाहरणांवरून नियम काढण्याची शक्ती या मध्यम वयातच शिखरावर असतात, असे त्यात आढळले. खालावतो तो नजरेने चटकन ताडण्याचा वेग, आणि तोही तारुण्यापासूनच. तर्कशक्तीविषयी या दोन साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत हे खरे, परंतु लंडनची कोडी ठराविक मिनिटांत सोडवावयाची होती हे ध्यानात घेतले म्हणजे तफावत थोडी तरी समजते. चाळिशीनंतरची बुद्धी जाणते अधिक, पण जाणलेले हजर करावयास तिला वेळ लागतो.

या विलंबाचा पहिला बळी म्हणजे विशेषनाम. एकाच चेहऱ्याबरोबर ‘सुतार’ हा शब्द एकाला आडनाव म्हणून व दुसऱ्याला धंदा म्हणून सांगितला, तर धंदा लक्षात राहतो आणि आडनाव जाते, अशा धर्तीचा प्रयोग इंग्रजी शब्द घेऊन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली केला. सुतार हा धंदा म्हटला की रंधा, पटाशी, लाकडाचा वास, दारात पडलेला भुसा असे शंभर धागे आपोआप जुळतात, आणि त्यांपैकी कोणताही एक ओढला तरी शब्द वर येतो. आडनाव त्या माणसाला केवळ चिकटविलेले असते, त्याला ओढावयास धागाच नाही. नाव न आठवणे हे म्हणून अनर्थाचे पूर्वचिन्ह समजण्याचे कारण नाही. ते तासाभराने, स्नान करताना, अवचित वर येते. याचा अर्थ ते हरवलेले नव्हते.

चष्मा कोठे ठेवला, गॅस बंद केला की नाही, दाराला कुलूप घातले की नाही, या प्रकरणांची जात मात्र निराळी आहे. निकर्सन व अ‍ॅडम्स या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९७९ साली काही प्रौढांना नित्य वापरातले एक सेंटचे नाणे आठवून काढावयास सांगितले. नाण्यावरील आठ खुणांपैकी जेमतेम तीन खुणा सामान्यतः जागच्या जागी उमटल्या. जन्मभर हाताळलेले नाणे, पण त्याच्याकडे पाहिले कोणी होते? कचेरीत येणारा प्रत्येक कागद प्रथम आवक-बारनिशीत चढावा लागतो. तो तेथे चढलाच नाही, तर पुढे दफ्तरखान्यातील सारी बासने सोडूनही तो सापडावयाचा नाही, आणि त्याचा दोष दफ्तरदाराच्या माथी मारणे हा शुद्ध अन्याय होय. चष्मा ठेवताना मन मुलीच्या परीक्षेत, वडिलांच्या रक्तदाबात किंवा घराच्या कर्जाच्या हप्त्यात गुंतलेले होते. चष्मा कोठे ठेवला हे आपण विसरलो नाही, ते आपल्याला कधी कळलेच नव्हते.

मध्यम वय हेच अशा वर्दळीचे वय आहे. आईबापांचे आजारपण वरून आणि मुलांची शिक्षणे खालून एकाच वेळी दाबत असतात, कचेरीत स्वतःच्या कामापेक्षा दुसऱ्यांच्या कामाची जबाबदारी अधिक असते, आणि त्यात खिशातला फोन दर काही मिनिटांनी हजेरी मागतो. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्यास हात घातला, तर मनाचा काही अंश पहिल्यातच रेंगाळतो व दुसरे काम तेवढ्या प्रमाणात बिघडते, असे सोफी लरॉय यांनी २००९ साली प्रयोगांनी दाखविले. दिवसातून वीसदा असे अर्धवट उठणारा मनुष्य सायंकाळी आपली एकाग्रता गेली म्हणून हळहळतो, तेव्हा ती गेलेली नसते. वीस ठिकाणी थोडी थोडी ठेवलेली असते.

झोपेकडे तर या वयात कोणी पाहतच नाही. दिवसा मिळालेले अनुभव मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागातून बाह्यकात कायम होण्याचे काम बऱ्याच अंशी गाढ निद्रेत चालते, आणि ही गाढ निद्राच वयाबरोबर आटते: निरोगी पुरुषांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ऐन तारुण्यात तिचे प्रमाण एकंदर झोपेच्या १८.९ टक्के होते, ते छत्तीस ते पन्नास या वयात ३.४ टक्क्यांवर आलेले आढळले. जी मुळातच इतकी थोडी उरली, ती रात्री बारापर्यंत पडद्यासमोर बसून आणखी कमी करणे ही उधळपट्टी आहे. मोठ्याने घोरणाऱ्या व दिवसा पेंगणाऱ्या माणसाचा श्वास झोपेत वारंवार अडत असण्याचा संभव असतो. त्याने स्मरणशक्तीची औषधे शोधण्याआधी त्या श्वासाची तपासणी करून घ्यावी.

महाराष्ट्रातील वाचकाने विशेष ध्यानी धरावी अशी बाब याहून वेगळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर व आसपासच्या खेड्यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले, तेव्हा ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी निघाले, आणि शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्क्यांपर्यंत गेले. २००६ साली हे प्रसिद्ध झाले. बी-१२ वनस्पतिजन्य अन्नातून जवळजवळ मिळत नाही. शिवाय मधुमेहावर वर्षानुवर्षे घेतलेल्या मेटफॉर्मिनने आणि आम्लपित्तावरील काही गोळ्यांनी त्याचे शोषण घटते. त्याच्या अभावी मज्जातंतूंचे आवरण बिघडते, हातापायांना मुंग्या येतात, मन मंद होते, आणि पुष्कळदा या साऱ्याची वासलात ‘वय झाले’ या दोन शब्दांत लावली जाते. वेळीच कळले तर इलाज स्वस्त आहे. अवटु ग्रंथीची मंदी आणि मनाची खिन्नता हीही अशीच, विस्मृतीचा मुखवटा घालून येणारी दुखणी. स्त्रियांच्या बाबतीत ऋतुनिवृत्तीच्या आगेमागे नवे शिकण्याची क्षमता काही काळ मंदावते. अमेरिकेतील दोन हजारांवर स्त्रियांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ती पुढे पूर्ववत झालेली दिसली, आणि ही गोष्ट त्यांना कोणी आधी सांगितली असती तर त्यांची पुष्कळ भीती वाचली असती.

आता उपायांविषयी. लिहून ठेवण्याची लाज हा या वयाचा एक अनाकलनीय अहंकार आहे. पेशव्यांचा कारभार कोणा कारकुनाच्या पाठांतरावर नव्हे, तर रोजकीर्दीवर चालत असे, आणि त्यामुळे कोणी त्या कारकुनांस मंदबुद्धी म्हटल्याचे ऐकिवात नाही. मात्र टिपण एकाच वहीत असावे. पाच ठिकाणच्या चिठ्ठ्या म्हणजे विस्मृतीची नवी सोय. पुढे करावयाच्या कामासाठी ‘औषध घेईन’ असा मोघम संकल्प न करता ‘रात्रीचे ताट उचलले की औषध घेईन’ अशी वेळ-प्रसंगाची गाठ मारावी. अशा नेमक्या संकल्पांची सिद्धी अधिक होते, हे पीटर गोल्वित्झर यांच्या प्रयोगांनी दिसून आले आहे. वाचलेले टिकवावयाचे तर पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहावे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात, पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, आठवड्यानंतर आठवून पाहणारे. फजिती ही की, पुन्हा वाचणाऱ्यांचाच आत्मविश्वास अधिक होता.

बाजारातील बुद्धिवर्धक खेळांविषयी आणि गोळ्यांविषयी मात्र हात राखूनच बोलावे. लुमोसिटी या खेळांच्या कंपनीला फसव्या जाहिरातींच्या प्रकरणी २०१६ साली अमेरिकन व्यापार आयोगाकडे वीस लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. गिंको या वनस्पतीचा अर्क तीन हजारांवर वृद्धांना वर्षानुवर्षे देऊन पाहिला, तरी स्मृतिभ्रंश टळला नाही, असे २००८ साली निष्पन्न झाले. लंडनचे टॅक्सीचालक पंचवीस हजार रस्ते पाठ करतात आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग मोठा असतो हे एलिनॉर मग्वायर यांनी २००० साली दाखविले खरे, पण पुढील तपासणीत हेच चालक काही नव्या आकृती आठवण्यात इतरांहून मागे पडले. कसरत केली ती गोष्ट पक्की होते. बाकीच्या गोष्टींना तिचा वाटा मिळतोच असे नाही. रोजचे भरभर चालणे, रक्तदाब व साखर ताब्यात ठेवणे आणि कमी ऐकू येत असल्यास संकोच सोडून श्रवणयंत्र लावणे, या नीरस गोष्टींच्या बाजूने पुरावा अधिक आहे.

वैद्याकडे केव्हा जावे, याचा एक व्यावहारिक ठोकताळा आहे. स्वतःच्या विसरण्याचा पाढा तपशीलवार वाचणारा मनुष्य बहुधा सुखरूप असतो. चिंता करावी ती, ज्याला काही झाल्याचे मान्यच नाही आणि ज्याला घरच्यांनी आणले आहे, जो साध्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी मान वळवून पत्नीकडे पाहतो, त्याची. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न तासाभरात पुनःपुन्हा विचारणे, नेहमीच्या हिशेबात गोंधळ होणे, किंवा हे सारे थोड्याच महिन्यांत वाढत गेलेले दिसणे, यांपैकी काही असल्यास दिरंगाई करू नये. जाताना बरोबर असा एक मनुष्य न्यावा जो रोज आपल्या सहवासात असतो, आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी न्यावी, सर्दीच्या व झोपेच्या गोळ्यांसकट, कारण मन गुंगविणारी औषधे बहुधा त्यांतच सापडतात.