जागा कमी, अपग्रेड मोठे

२००७ साली आलेल्या आसुसच्या ‘ईई पीसी ७०१’ या चिमुकल्या लॅपटॉपमध्ये साठवणुकीसाठी जेमतेम ४ जीबी जागा होती. त्यावरची झँड्रॉस लिनक्स प्रणाली फक्त वाचता येणाऱ्या विभागात असे. अपडेट आले की नव्या फायली वापरकर्त्याच्या विभागात जात आणि जुन्या जागच्या जागी राहत. मूळ प्रोग्राम काढून टाकला तरी जागा सुटत नसे.

आजच्या उबुंटूत ही अडचण नाही. मात्र अपग्रेडच्या वेळी सगळी पॅकेजेस आधी डाउनलोड होतात आणि मग बसवली जातात, म्हणून तात्पुरती जादा जागा लागतेच. ती कमी पडत असेल तर अपग्रेड सुरुवातीलाच थांबते आणि कुठे किती जागा हवी, तेही सांगते.

आधी उरकायची कामे

• बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यावा.
• ‘एपीटी क्लीन’ने डाउनलोड झालेल्या पॅकेजेसचा साठा काढावा.
• ‘ऑटोरिमूव्ह’ने जुने कर्नल हटवावेत, चालू कर्नलला धक्का लागत नाही.
• ‘जर्नलसीटीएल’ने प्रणालीच्या जुन्या नोंदी छाटाव्यात.

‘बूट’चा विभाग वेगळा असेल तर तोही तपासावा. तो भरलेला असला की मुख्य डिस्क मोकळी असूनही अपग्रेड अडते.